सेल बदलून सर्व्हरचं घड्याळ का सुधारत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हिंगण्याहून पाठवलेल्या प्रतिक्रियेत तुम्ही तीन गोष्टी म्हटल्या आहेत. तुमचा सर्व्हर चोवीस तास चालू असूनही रोज सुमारे चार मिनिटं मागे पडतो आणि मदरबोर्डवरचा सेल बदलला की महिना-दोन महिने नीट चालतो, म्हणून सर्व्हरचं घड्याळ मागे पडण्यावरच्या माझ्या लेखात सेलला एकच ओळ देणं चूक आहे. दुसरं, नागपूरच्या उन्हाळ्यात हे व्हायचंच. तिसरं, दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) एनटीपीडेट (इंटरनेटवरून वेळ आणून घड्याळ लावणारा प्रोग्राम) चालवलं की काम भागतं, बाकी पसारा कशाला. तिन्ही मुद्दे मला पटलेले नाहीत. कारणं आकड्यांतच आहेत, म्हणून जरा सविस्तर.

सेलपासून सुरुवात करू. मदरबोर्डवरच्या गोल सेलची, म्हणजे सीआर 2032 ची, क्षमता साधारण 220 मिलीॲम्पिअर-तास असते. घड्याळाचं सर्किट 5 मायक्रोॲम्पिअर ओढतं असं धरलं तरी तो पाच वर्षं पुरतो, आणि मशीनला वीज मिळत असताना तर त्याच्यावर जवळपास भारच नसतो. दोन महिन्यांत सेल संपत असेल तर बोर्डात गळती आहे, आणि तेही मीटर लावून दिसतं: 3 व्होल्टचा सेल 2.7 च्या खाली गेला असेल तरच बदला. मुख्य म्हणजे चालू असलेलं लिनक्स सेलवरच्या घड्याळाकडे बघतच नाही. बूट होताना एकदा वेळ वाचतं, पुढे स्वतःचं घड्याळ प्रोसेसरच्या काउंटरवर चालवतं. ज्यांच्या दुकानात रात्री मेन स्विच पाडतात, त्यांचा सेल मेला तर सकाळी तारीखच चुकलेली दिसेल. तुमचं लक्षण ते नाही.

मग सेल बदलल्यावर बरं का वाटतं? कारण त्यासाठी मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. बूटच्या वेळी कर्नल (लिनक्सचा गाभा) वेळेचा स्रोत, म्हणजे कोणत्या काउंटरवरून वेळ मोजायची ते, नव्याने निवडतं, त्याची गती नव्याने मोजतं, आणि कोणी बदललेलं टिकचं (एका ठोक्याला घड्याळ किती मायक्रोसेकंद पुढे न्यायचं त्याचं) मूल्य पुन्हा 10,000 वर येतं. पुढच्या वेळी सेलला हात न लावता फक्त रीबूट करून बघा.

आता ऊन. सेलवरच्या घड्याळाचा क्रिस्टल, म्हणजे त्याला ठोके देणारा स्फटिक, 32,768 हर्ट्झचा असतो. तो 25 अंशांना सर्वांत बरोबर चालतो आणि तिथून दूर गेलं की फरकाच्या वर्गाच्या पटीत मंदावतो, दर वर्ग अंशाला साधारण 0.035 पीपीएम (दहा लाखांत किती भाग चूक, ते माप). कॅबिनेटमध्ये 55 अंश धरा, म्हणजे फरक 30, वर्ग 900, मंदी सुमारे 31 पीपीएम. 1 पीपीएम म्हणजे दिवसाला 0.0864 सेकंद, तेव्हा हिशेब पावणेतीन सेकंदांच्या आत संपतो. तुमची चार मिनिटं म्हणजे जवळजवळ 2,800 पीपीएम. प्रोसेसरला गती देणारा क्रिस्टलही उन्हाने इतका कधीच सरकत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला तरी एवढी चूक उष्णतेची नव्हे. हां, सर्व्हरच्या खोलीत कूलर लावत असाल तर तो काढाच: ओली हवा आणि धूळ मिळून बोर्डावर जो थर बसतो, त्याने क्रिस्टलभोवती गळती होऊन तो मंदावू शकतो किंवा थांबू शकतो.

चार मिनिटं एकसारखी जातात की उड्यांनी, हे आधी ठरवायला हवं. सगळं निदान इथेच आहे. वेळ जुळवणाऱ्या सेवांपैकी क्रोनी, एनटीपीडी, टाइमसिंकडी, व्हीएमवेअर टूल्सचा टाइम सिंक, जे काही चालू असेल ते बंद करा. ॲडजटाइमएक्स या कमांडने फ्रीक्वेन्सी (गतीची बारीक दुरुस्ती) 0 आणि टिक 10,000 करा, नाहीतर सेवा बंद केल्यावरही कर्नल जुनीच दुरुस्ती लावत राहतं. मग दर तासाला क्रोनीडी (क्रोनीचा मुख्य प्रोग्राम) मोठ्या क्यू (-Q) पर्यायाने चालवून फरक फाइलमध्ये लिहा. या पर्यायाने वेळ बदलत नाही, फक्त मोजली जाते.

फरक तासाला 10 सेकंदांनी सरळ रेषेत वाढला तर स्रोताची गती चुकीची मोजली गेली आहे. रीबूटनंतर हाच आकडा बदलला तर शंका उरत नाही. टिक 10,000 करताच फरक वाढणं थांबलं तर कोणीतरी ते खाली आणलेलं होतं: टिकमधला एक आकडा दिवसाला 8.64 सेकंद खातो, म्हणजे 28 आकड्यांत तुमची चार मिनिटं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) टीएससी, म्हणजे प्रोसेसरमधला काउंटर, अस्थिर ठरवल्याची ओळ शोधा, आणि सिसएफएसमधल्या (कर्नलची माहिती दाखवणारं फोल्डर) करंट क्लॉकसोर्स फाइलमध्ये चालू स्रोत म्हणून काय आहे ते पाहा. एसीपीआय पीएम (बोर्डावरचा जुना टायमर) असेल तर नीट लक्ष द्या. तो 24 बिटांचा काउंटर 3.58 मेगाहर्ट्झवर चालतो आणि दर 4.7 सेकंदांनी शून्यावर येतो. मशीन त्याहून जास्त वेळ गोठलं की तेवढा तुकडा गायब होतो. एचपीईटी (बोर्डावरचा दुसरा, जास्त अचूक टायमर) उपलब्ध असेल तर त्यावर न्या, बूटच्या पर्यायांत तसं कायमचं लिहा आणि बायोस अद्ययावत करा.

फरक रात्री एकदाच मोठी उडी मारत असेल तर सर्व्हर बहुधा व्हर्च्युअल (दुसऱ्या मशीनच्या आत चालणारा) आहे आणि बॅकअपचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची नक्कल) घेताना तो थांबतो. केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) केव्हीएम-क्लॉक हा स्रोत वापरा, आणि पाहुण्या, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल, मशीनमध्ये वेळ लावणारी एकच सेवा ठेवा. दोन असल्या की एकमेकींची दुरुस्ती उलटवत बसतात. नेमका साडेपाच तासांचा फरक दिसला तर ते मागे पडणंच नव्हे, टाइमझोनची चूक आहे.

तासाच्या एनटीपीडेटने तुमचा सर्व्हर प्रत्येक तासाच्या शेवटी 10 सेकंद मागे असतो आणि मग झटक्यात पुढे उडी मारतो. दोन मशीनचे लॉग जुळवताना आधी काय घडलं हेच कळत नाही. इंटरनेट दीड दिवस गेलं की फरक सहा मिनिटांचा होतो आणि केर्बेरॉसची (नेटवर्कवर ओळख पटवणारी पद्धत) पाच मिनिटांची मर्यादा ओलांडून लॉगिनच बंद पडतं. आणि मूळ बिघाड झाकला जातो, माझा खरा आक्षेप त्यालाच आहे. एनटीपीडीही इथे पुरत नाही. तो जास्तीत जास्त 500 पीपीएम, म्हणजे दिवसाला 43 सेकंद भरून काढतो, त्यापुढे त्यालाही उड्याच माराव्या लागतात.

कारण दूर झाल्यावर क्रोनी लावा. समय1.एनआयसी.इन, समय2.एनआयसी.इन, टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग आणि भारताच्या पूलमधला (वेळ देणाऱ्या सार्वजनिक सर्व्हरांचा गट) एक असे वेळ देणारे चार सर्व्हर ठेवा. दोनच असले तर खोटं कोण बोलतंय हे ठरवता येत नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांतही एनआयसी (सरकारचं माहिती केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) वेळेशी जुळवून घ्यायला सांगितलं आहे. क्रोनीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मेकस्टेप 1.0 3 (सुरुवातीच्या तीन दुरुस्त्यांतच, फरक एका सेकंदाहून जास्त असेल तर उडी) आणि आरटीसीसिंक (सेलवरचं घड्याळही जुळवत राहा) या दोन ओळी घाला. फायरवॉलमध्ये यूडीपी 123 हा पोर्ट उघडा. क्रोनीच्या स्रोतांच्या यादीत रीच या रकान्यात 377 दिसलं की मागच्या आठही विचारणांना उत्तर आलं असं समजा.

पुढच्या प्रतिक्रियेत तासातासाच्या मोजणीची फाइल, चालू क्लॉकसोर्सचं नाव आणि डीमेसेजमधली ती ओळ पाठवा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.