ब्रेकची कामं घरी करा, पण त्या मेसेजच्या भरवशावर नको

पावसाळा तोंडावर आला की ठाणे-नवी मुंबईतल्या बाइकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. गॅरेजवाले लुटतात, ब्रेकची सगळी कामं घरच्या घरी होतात, असा त्याचा सूर. खाली पाच-सहा टिप्स, आणि शेवटी धीर द्यायला 'चुकत चुकतच माणूस शिकतो'.

घरी काम करायला माझी काहीच हरकत नाही. पॅड बदलणं, मागचा ब्रेक आवळणं ही कामं मी नेरूळला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच करतो. पण या टिप्स अशा आहेत की त्यातली चूक पार्किंगमध्ये कळतच नाही. ती कळते घोडबंदर रोडवर, पुढच्या कंटेनरचे लाल दिवे अचानक पेटतात तेव्हा.

पहिली टिप: ब्रेक ऑइल बदलायची गरज नसते, कमी झालं की वरून भरायचं. यात एकाच वाक्यात दोन घोळ आहेत. डिस्कला आवळणारे पॅड झिजले की त्यांना ढकलणारे पिस्टन पुढे सरकतात आणि हँडलजवळच्या ऑइलच्या डबीतली पातळी तेवढी खाली येते. म्हणजे ती पातळी पॅड किती उरलेत हेच सांगत असते. वरून भरत राहिलात तर ती खूण पुसली जाते, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की जास्तीचं ऑइल डबीतून उसळून टाकीवर येतं. रंग सोलवटून काढायला ते पुरेसं असतं. लगेच भरपूर पाणी ओतावं.

दुसरा घोळ जास्त गंभीर. डॉट ३ आणि डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) ही ग्लायकॉलची ऑइलं हवेतली ओल शोषतात, आणि खाडीकाठच्या आपल्या हवेत ओलीला तोटा नाही. प्रमाणाप्रमाणे कोरं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ वर येते. दोघं बसून माळशेजहून परत येताना लांब उतारावर ब्रेक सतत लागलेला असला की कॅलिपर (पॅड आणि पिस्टन बसवलेला भाग) तापतो. ऑइल उकळलं तर त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर मऊ पडून आत जातो. गाडी थंड झाली की लिव्हर पुन्हा पहिल्यासारखा. त्यामुळे उभ्या गाडीवर लिव्हर कडक लागतोय, म्हणजे ब्रेक ठणठणीत, ही मेसेजमधली आणखी एक टिपही इथेच निकालात निघते. बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात, ते उगाच नाही.

पुढची टिप: डॉट ४ पेक्षा डॉट ५ भारी, आकडा मोठा ना! अजिबात नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळत नाही आणि ग्लायकॉलवाल्या गाडीत ओतायचं नसतं. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच असतं. नावं ठेवणाऱ्याने गोंधळ घातलाय खरा. डबीच्या झाकणावर जे छापलंय तेच भरा, आणि सीलबंद बाटलीतलं. गेल्या वर्षी उघडलेली, कपाटात उरलेली अर्धी बाटली नको. इंजिन ऑइल तर चुकूनही नको, त्याने रबरी सील फुगतात.

ऑइल बदलायची मेसेजमधली पद्धत अशी: निप्पल (कॅलिपरवरचा ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) सैल करायचा आणि लिव्हर भराभर मारत सुटायचं. अशाने लिव्हर सोडताना निप्पलमधून हवा आत ओढली जाते. क्रम पक्का ठेवायला हवा. लिव्हर दाबून धरा, निप्पल पाव फेरा उघडा, लिव्हर आत गेला की तसाच दाबलेला असताना निप्पल बंद करा, आणि मगच लिव्हर सोडा. निप्पलवर पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवून ठेवलं की येणारे बुडबुडे दिसतात. वरच्या डबीकडे सारखं लक्ष हवं. ती कोरडी पडली की हवा वरूनच शिरते आणि सगळं पहिल्यापासून. पान्हा रिंगचा घ्या. फिक्स पान्ह्याने निप्पलचे कोपरे गोल होतात, आणि मग शेवटी मेकॅनिकच.

पॅड चिरकायला लागले की पॉलिश पेपर मारा आणि डिस्कवर स्प्रे तेल मारा, असंही त्यात आहे. पेपरचा भाग अर्धा मान्य. पॅडचा पृष्ठभाग चकचकीत झाला असेल तर हलका हात मारून फरक पडतो. पण डिस्कवर तेल? तेल प्यायलेले पॅड बदलायचेच. ते गॅसवर भाजून पुन्हा वापरायचा सल्ला ऐकलाय, तो सोडून द्या. डिस्क पुसायची ती ब्रेक क्लीनरने. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पंपाने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

मागच्या ड्रम ब्रेकबद्दल एकच सल्ला आहे: ढिला वाटला की ब्रेकच्या रॉडवरचा नट आवळा. पॅडलला थोडी मोकळीक लागतेच. बऱ्याच कम्युटर गाड्यांच्या पुस्तिकेत ती २० ते ३० मिमी दिलेली असते. त्याहून घट्ट केलं तर शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, ॲव्हरेज पडतं. नटाची खोलगट बाजू आर्मच्या (रॉड ज्याला ओढतो त्या दांड्याच्या) पिनेवर नीट बसलीय ना, तेही बघायचं. पॅडल पूर्ण दाबून आर्मजवळचा बाण प्लेटवरच्या खुणेला टेकला, म्हणजे शू संपले. यापुढे आवळण्यात अर्थ नाही. काही बहाद्दर आर्म काढून एक दात मागे बसवतात, म्हणजे नट आणखी आवळता येतो. अशाने झिजलेल्या शूंना फाकवणारा कॅम जास्त फिरून चाक जागीच जाम होऊ शकतं.

आता ते 'चुकत चुकत'. वॉशर नीट बसला नाही, तर ऑइल फरशीवर ठिपकतं. ही चूक शिकवते, कारण ती जागच्या जागी दिसते. पण आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाने नवे पॅड बसवले आणि लिव्हर न मारता गाडी काढली. पिस्टन मागे ढकललेले, त्यामुळे पहिल्या दाबाला लिव्हर थेट मुठीला टेकला. गेटच्या आधीच्या गतिरोधकाने आणि मागच्या ब्रेकने वाचवलं. वॉचमन काका म्हणाले, "अरे बाबा, लिव्हर आधी दाबून बघायचास की!"

दडून बसणाऱ्या चुका पार्किंगमध्येच उघड्या पाडायच्या असतील तर काम संपल्यावर लिव्हर कडक होईपर्यंत मारा. मग जोरात दाबून मिनिटभर धरा. तो हळूहळू आत सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (लिव्हरजवळच्या पंपाचं) सील गेलंय, गाडी काढू नका. कॅलिपरखाली रात्रभर वर्तमानपत्र अंथरा. सकाळी गाडी हाताने ढकलून दोन्ही ब्रेक तपासा, मग आतल्या रस्त्यावर हळू चालवून. नवे पॅड बसेपर्यंत पहिले काही दिवस अंतर जास्त ठेवा.

एबीएसवाल्या (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीची गोष्ट थोडी वेगळी. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरच्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, म्हणजे बऱ्याच जणांकडे असणारच. पॅड बदलणं तिथेही घरी जमतं. पण त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली तर काही मॉडेलांत ती नुसत्या निप्पलने निघत नाही, सर्व्हिस सेंटरचं मशीन जोडावं लागतं. ते काम बाहेरच करून घ्या.