लीन

आमची गाडी २०१७ सालची, पेट्रोलची, पांढरी. नंबर अर्थातच बेळगावचा, केए-२२. आमच्या एका गल्लीत अशा सहा उभ्या असतात. त्या सहांत आपली उठून दिसावी असं माझ्या मनातही नव्हतं. सायलेन्सर गंजला होता, एवढंच. गेल्या दीड महिन्यात हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलंय की आता माझाही त्यावर विश्वास बसत चाललाय.

गंजला होता हे मात्र खोटं नाही. बेळगावचा पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि घरजावयासारखा राहतो. मागच्या डब्याला सुपारीएवढं भोक पडलं होतं. वेल्डिंगचं एक ठिगळ मारून भागलं असतं, पण त्या दिवशी भाचा बरोबर होता.

"मामा, ठिगळ कशाला मारत बसतायसा? फ्री-फ्लो घालूया की. मित्राच्या गाडीला मी बघितलोय. खर्च आहे खरं, गाडी उडते."

फ्री-फ्लो म्हणजे धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर, आणि आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे पुण्याच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. भाच्याच्या वाक्यात खरं तेवढंच होतं.

माझं वय ५२, नोकरी पतसंस्थेत. या वयात माणसानं आवाज कमी करायचा असतो. मी ८,५०० रुपये मोजून वाढवला. सायलेन्सरवाला म्हणाला, नुसता मागचा डबा बदलून मजा येत नाही, पुढनं पाइप करूया. हनीकोंब काढून टाकू का, असंही त्यानं विचारलं. हनीकोंब म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तेवढा काढू नको म्हणालो, आणि या सगळ्या प्रकरणात मी दाखवलेली अक्कल तेवढीच. तीन तासांनी गाडी बाहेर आली तेव्हा तिच्या मागे तांब्याच्या तोंडाएवढं चकचकीत नळकांडं होतं आणि आवाज सर्दी झालेल्या बुलेटचा.

पहिले चार दिवस मी विनाकारण खडेबाजारातून गेलो.

पाचव्या दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाचा केशरी दिवा लागला. सिग्नलला गाडी थरथरायला लागली. सकाळी चालू केली की बॉनेटखालून टक-टक-टक-टक, कुणीतरी आत लपून सुपारी कातरतंय असं. एरवी १७ चा ॲव्हरेज ११ वर आला. कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या गाड्या आमच्याकडं स्वस्त पेट्रोल भरायला येतात. ती सगळी स्वस्ताई माझी गाडी एकटीच पिऊ लागली. एका संध्याकाळी दुसऱ्या रेल्वे गेटवर रेल्वे गेली, गेट उघडलं आणि नेमकी तेव्हाच गाडी बंद पडली. मागच्या ४० गाड्यांनी माझा जो उद्धार केला तो मराठी, कन्नड आणि कोकणी अशा तिन्ही भाषांत होता. समजला मला सगळा, हीच सीमाभागात राहण्याची शिक्षा.

मग सुरू झाली तपासणी. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा जातो. गेला. दोन दिवसांनी परत आला, आणि मास्तर आमच्याकडं यायचे बंद झाले.

उद्यमबागेतल्या पहिल्या मेकॅनिककडं गेलो तर आवाजच नाही! घरून निघताना टक-टक, गॅरेजच्या दारात गाडी गाय. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा तसं. मीच तोंडानं टक-टक करून दाखवलं. त्यानं मान डोलावली. "टॅपेट." टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या झडपा हलवणारे भाग, सेट झाले, १,२०० रुपये गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारी पुन्हा सुरू.

जाताना त्यानं वाकून मागचं नळकांडं बघितलं होतं. "हे कधी घातलासा?"

"कंपनीचंच आहे," मी म्हणालो.

'घेतो, पण फक्त सणासुदीला' असं सांगणाऱ्या पेशंटकडं डॉक्टर बघतात तसं त्यानं माझ्याकडं बघितलं.

इथंच माझं चुकलं, आणि एकदा नाही, तीनदा. दुसऱ्याला मी सांगितलं की पेट्रोलमध्ये पाणी असावं. त्यानं प्लग काढले. चारही काजळीनं माखलेले. म्हणाला, पेट्रोल जास्त जळतंय. प्लग नवे, एअर फिल्टर नवा. तिसरा स्कॅनरवाला. त्यानं स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं, "स्वल्प ताळ्री" म्हणाला, आणि मी जरा दम धरल्यावर पडदा माझ्याकडं फिरवला. पी झिरो वन सेव्हन वन. सिस्टीम टू लीन. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. कॉम्प्युटर बिचारा २५ टक्के जादा पेट्रोल सोडतोय, तरी पुरेना, असं त्याचं म्हणणं.

प्लग सांगतात पेट्रोल जास्त, यंत्र सांगतं कमी. एकाच गाडीचे दोन साक्षीदार, आणि दोघंही शपथेवर. स्कॅनरवाल्यानं निकाल दिला: ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजून कॉम्प्युटरला कळवणारा, खोटं बोलतोय. नवा सेन्सर ३,२०० रुपये. जुना त्यानं कागदात गुंडाळून हातात दिला. तो मी घरी टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवला. एवढ्या पैशांचा पुरावा हाताशी असावा.

"काय झालंय गाडीला?" बायकोनं विचारलं.

"लीन झालीये."

"बरं झालं. घरात कुणीतरी झालं."

नव्या सेन्सरनंही तीन दिवसांत दिवा लावला. त्यात एमिशनची तारीख आली. महाराष्ट्रात ज्याला पीयूसी म्हणतात त्याला आमच्याकडं एमिशन म्हणतात. नापास दोन्हीकडं सारखंच करतात. कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत पाहिजे, माझा १.९. मशीनवरचा पोरगा म्हणाला, "साहेब, ही गाडी हाय काय स्टोव्ह?"

शेवटी कुणीतरी एका म्हाताऱ्या मेस्त्रीचं नाव सांगितलं. पत्र्याची शेड, भिंतीला पाने लटकवलेले, स्टूल एकच आणि त्यावर ते स्वतः. बॉनेट उघडा म्हणाले नाहीत. गाडीला प्रदक्षिणा घातली, नळकांड्यापाशी थांबले.

"यार हाक्यार री इदन्न?"

हे कुणी घातलं, असा सरळ प्रश्न. कन्नडमध्ये मला खोटं बोलता येत नाही, शब्द कमी पडतात. सगळं सांगून टाकलं. तारीख, भाचा, पुढचा पाइप, खडेबाजार.

"मग दिवा?"

"त्यानंतर पाचव्या दिवशी."

"हे आधीच्या तिघांना सांगितलासा?"

मी भिंतीवरच्या पान्यांकडं बघत राहिलो.

"गाडी रात्री हितंच सोडा. सकाळी सहाला या. गार असताना बघाय पायजे."

सकाळी सहा वाजता, स्वेटर घालून, मी त्यांच्या शेडमध्ये उकिडवा बसलो होतो. त्यांनी गाडी चालू केली. टक-टक-टक. पोऱ्यानं जाड फडकं नळकांड्याच्या तोंडावर दाबून धरलं, मेस्त्री बाटलीतलं साबणाचं पाणी घेऊन खाली सरकले. जिथं इंजिनाकडून येणारी नळी नव्या पाइपला मिळते, त्या फ्लँजवर त्यांनी पिचकारी मारली. टॉर्चच्या उजेडात बघितलं तर जोडाच्या कडेला पांढरे बुडबुडे, टकटकीच्या तालावर फुगताहेत, फुटताहेत. जोडाशेजारी बोटभर लांब काजळीची रेघ.

"जोडातलं गॅस्केट जुनंच परत बसवलंय," ते खालूनच म्हणाले. "गार असलं की फट. तापलं की लोखंड फुगतंय, फट बारीक होती. म्हणून गॅरेजला पोचेपर्यंत आवाज बंद होतोय."

पण फटीतून धूर बाहेर जातो, मग इंजिनाला काय त्याचं? मेस्त्रींनी हात पुसले आणि पहिल्यांदा मला स्टूल दिलं.

"धूर धक्क्याधक्क्यानं येतोय. दोन धक्क्यांच्या मधी पाइप उलटा ओढतोय, बाहेरची हवा आत. फुडंच सेन्सर बसलाय. लग्नात आचारी पळीनं आमटीची चव बघतोय न्हवं? त्याच्या पळीत कुणीतरी पाणी ओतालंय बघा. आचाऱ्याला वाटतंय आमटी आळणी. घाल मीठ, घाल मीठ. पातेलं खारट, पळी आळणी."

एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे प्रमाण मला स्कॅनरवाल्यानं पाठ करून दिलं होतं. डोक्यात शिरलं ते आमटीमुळं.

नवं गॅस्केट १८० रुपये. दोन नवे बोल्ट, मजुरी, आणि सेन्सरची वायर गरम पाइपावर टेकली होती ती वर बांधून देणं फुकट. दिवा पुसला, जादा पेट्रोलचा २५ चा आकडा अर्ध्या तासाच्या फेरीत ३ वर आला. एमिशन पास. नळकांडं काढून साधा डबा बसवायला मीच सांगितलं. मेस्त्री "हां" एवढंच म्हणाले.

पैसे देताना त्यांनी विचारलं, "जुना सेन्सर ठेवलायसा न्हवं? तो चांगलाच होता. बिचारा दिसलं ते सांगत होता. घेऊन या, तो लावू, नवा जपून ठेवा."

घरी आलो. फळी रिकामी. टीव्ही पुसलेला.

"इथं कागदात एक गुंडाळी होती."

"ते गंजकं? रद्दीवाला आला होता," बायको म्हणाली. "नुसती रद्दी म्हणून घेत होता. मीच भांडले. लोखंडाचे वेगळे चार रुपये घेतले त्याच्याकडून."