आधी नकाशा, मग मत

घरच्यांशी फोनवर बोलताना दोन मतं हल्ली वारंवार कानावर येतात. एक, मोबाइलमध्ये नकाशा असताना मुलांना भूगोल शिकवायचा कशाला? दुसरं, जगातल्या सगळ्या भांडणांचं मूळ वाढती लोकसंख्या. मी परदेशात जहाजी मालवाहतुकीच्या कचेरीत काम करतो. इथं बसून मला यातलं एकही मत पटत नाही, आणि पहिल्यामुळेच दुसरं फोफावतं असं वाटतं.

२०२३च्या अखेरीस येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेली बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी रुंदीला जेमतेम ३० किलोमीटर. ती टाळायची तर आशियातून युरोपला निघालेल्या जहाजाला सुएझ सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालावा लागतो. आमच्या तक्त्यात माल पोहोचायच्या तारखा दहा-दहा, चौदा-चौदा दिवसांनी पुढे ढकलल्या जात होत्या, आणि घरच्या गप्पांत मात्र ‘तिकडच्या युद्धाशी आपला काय संबंध’ असं चाललं होतं. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे, एकटा पॅसिफिक सगळ्या खंडांच्या बेरजेपेक्षा मोठा आहे, हे आपण पाठ करतो. पण एवढ्या अफाट पाण्यातला व्यापार होर्मुझ, मलाक्का, बाब-अल-मांदेब अशा चिंचोळ्या वाटांवर अडू शकतो, हे नकाशावर बोट ठेवून कुणी दाखवत नाही. मोबाइल रस्ता दाखवतो. तो रस्ता बंद झाला तर कुणाचं काय अडेल, हे भूगोल शिकल्यावरच कळतं.

इथले लोक यात फार पुढे आहेत असंही नाही. नेहमीच्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका चौदापट मोठी आहे हे सांगितलं की चांगले शिकलेलेही चकित होतात.

आता लोकसंख्या. क्षेत्रफळात रशिया जगात पहिला, तरी २०२२ मध्ये त्यानं युक्रेनवर मोठा हल्ला चढवला. रशियाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी जमिनीवर बांगलादेशात त्याच्यापेक्षा जास्त माणसं राहतात. जागा अपुरी पडली की युद्ध होतं, हे सूत्र इथंच कोलमडतं.

माझ्या शेजारच्या टेबलांवर एक इजिप्तचा आणि एक इथिओपियाचा सहकारी बसतो. इजिप्तची सुमारे ९५ टक्के माणसं नाईलकाठच्या चिंचोळ्या पट्ट्यात आणि तिच्या त्रिभुज प्रदेशात राहतात, बाकी वाळवंट. नाईलचं बहुतांश पाणी येतं इथिओपियाच्या डोंगरांतून. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदाननं ते पाणी आपसांत वाटून घेतलं, इथिओपियाला न विचारता. इथिओपियानं २०११ मध्ये ब्लू नाईलवर प्रचंड धरण बांधायला घेतलं आणि २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन केलं. एकाला नदी आटण्याची भीती, दुसऱ्याला घरोघरी वीज हवी. शिवाय १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाल्यापासून इथिओपियाला समुद्रकिनाराच नाही. त्याचा बहुतेक माल जिबूतीतून येतो, म्हणजे पुन्हा त्याच बाब-अल-मांदेबच्या तोंडाशी. माणसांचा नुसता आकडा यातलं काहीच सांगत नाही. पाणी कुठून येतं आणि माणसं कुठं दाटलीत, ते सांगतं.

म्हणून मुलांना ‘नाईलची लांबी किती’ एवढंच विचारून थांबू नये. वरच्या देशानं धरण बांधलं तर खालच्यानं काय करावं, हा प्रश्न नकाशा समोर ठेवून त्यांना विचारावा आणि उत्तरासाठी भरपूर वेळ द्यावा.