निळी केळी

चोपड्याच्या मामांच्या बागेत यंदा एक घड असा काही लागला, की मामा त्याच्याशेजारी नवरदेवासारखे उभे राहिले आणि मला फोटो पाठवला. "भाचा, तुझ्याकडं प्रिंटर आहे ना? मोठा काढून आण, फ्रेम करायचाय."

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते आपल्याच बागेकडं बघून दिलं, अशी मामांची समजूत आहे. त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती.

प्रिंटर दिवाळीनंतर उघडलाच नव्हता. मे महिन्याचं जळगाव म्हणजे पंचेचाळीस अंश. इथं छतावर पापड तासाभरात वाळतात, तिथं केसाहून बारीक छिद्रांतली शाई काय ओली राहणार? पहिली प्रिंट आली. हिरवी केळी निळीशार, मामा जांभळे. फक्त टोपी बरोबर आली, कारण पांढऱ्याला शाईच लागत नाही.

पिवळा रंग तुंबला होता. निळा आणि पिवळा मिळून हिरवा, हे चौथीत शिकलो होतो. एवढ्या महागात पुन्हा शिकेन असं वाटलं नव्हतं. नोझल चेक, म्हणजे छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारा रेघांचा नमुना, काढला, तर पांढऱ्या कागदावर पिवळ्या रेघा आल्यात की नाहीत हेच ट्यूबलाइटमध्ये दिसेना. मग हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडून ती छिद्रं मोकळी करणं, केलं. तीनदा. ते पिवळ्यासाठी असलं तरी शाई चारही रंगांची पितं, वरातीतल्या पाहुण्यांसारखं. सरबत कोणासाठी केलं होतं हे कोण विचारतो?

पिवळा सुटला, तर मामा पुसट. व्हॉट्सअॅपनं फोटो आकसवून पाठवला होता. ए-फोर कागदावर इंचाला तीनशे ठिपके हवे असतील तर फोटो साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा लागतो, माझ्याकडं त्याच्या निम्म्याहून कमी. "मामा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." "सातबारा पाठवू?" असं झाल्यावर शेवटी त्यांच्या पोरानं पाठवला.

पुढची प्रिंट ग्लॉसी कागदाच्या उलट्या बाजूवर गेली. (ओलं बोट लावून बघायचं, चिकटते ती छापायची बाजू. हे नंतर कळलं.) त्यापुढच्या वेळी सेटिंगमध्ये साधा कागद राहिला आणि घडाच्या जागी हिरवं तळं साचलं. पाचवी मात्र देखणी आली! वाळायला कूलरसमोर ठेवली. कूलरनं तुषार उडवले. मामांच्या मिश्या हनुवटीपर्यंत उतरल्या.

सहावी घेऊन चोपड्याला पोचलो, तर भिंतीवर निळी केळी आधीच लटकलेली. मी पहिली प्रिंट नमुना म्हणून धाडली होती, मामांनी तीच फ्रेम केली.

केळीचा व्यापारी चहा पीत तिच्याकडं टक लावून बघत होता. "हाई काय शे भो? जात कोणती?"

मामा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "टिश्यू कल्चर."