गाडीतला डास मारण्याचे घरगुती उपाय

टॉप मॉडेल घेतलंत, अभिनंदन. पेढे वाटून झाले असतील तर आता कामाचं बोलू.

खालचं मॉडेल सोडून तुम्ही जे जास्तीचे पैसे मोजलेत, त्यात पुढच्या काचेमागे आरशापाशी एक कॅमेरा आला, बंपरात किंवा लोगोमागे एक रडार आलं आणि बऱ्याच गाड्यांत मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत आणखी दोन रडारं आली. चालकाला मदत करणाऱ्या या सगळ्या लवाजम्याला एडास म्हणतात. सेल्समन त्याला 'ए-डास' असं तोडून म्हणतो, आणि तेच खरं. गाडी सुरू झाल्यापासून कानाशी गुणगुण. पुढची रिक्षा जवळ आली, पीं. पांढरा पट्टा ओलांडला, पीं. डोळा लागला, पीं पीं पीं. डासाचं काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण हा टाळी वाजवून मरत नाही, म्हणून चार उपाय सांगून ठेवतो.

सुरुवात पूजेपासून करा. रडारची लहर ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासची, म्हणजे लांबीला जेमतेम चार मिलिमीटर. ती साध्या प्लॅस्टिकमधून आरपार जाते, धातूवर आपटून परत येते आणि पाण्यात जिरते. म्हणून ज्या गाडीत रडार लोगोमागे असतं, तिथला लोगो उठावदार क्रोमचा नसतो. हात फिरवून बघा, गुळगुळीत सपाट चकती लागेल. दसऱ्याचा झेंडूचा हार नेमका तिथे यायला हवा. ताजा झेंडू म्हणजे बहुतेक पाणीच, त्यात आंब्याची पानं आणि मधूनमधून चकाकणारी जर. हार पुरेसा जाड असला की पडद्यावर रडार अडल्याची सूचना येते आणि पुढच्या गाडीशी अंतर राखत ठरलेला वेग सांभाळणारं क्रूझ, आपोआप लागणारा ब्रेक सगळे मुकाट बसतात. तोच हार बॉनेटच्या वरच्या कडेला बांधला तर यातलं काहीही होत नाही, तेव्हा तिथे बांधू नका. आणि दसऱ्याचा हार लगेच काढायची आपल्यात पद्धत नाही. दिवाळीपर्यंत राहू द्या. कुंकवाच्या बोटाने रडारला फरक पडत नाही. लिंबू-मिरचीही फार लहान पडते, तिच्यावर विसंबून राहू नका.

बारमाही सोय हवी असेल तर स्टीलचा जाड क्रॅश गार्ड बसवून घ्या. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितलं होतं, पण पत्रं काय, येतच असतात. गार्डामुळे रडारपुढे कायमची भिंत उभी राहते, शिवाय धक्का कुठे आणि किती जोरात बसला याचा एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो. एका खर्चात दोन कामं.

मागच्या रडारांसाठी वेगळं काही करावं लागत नाही. पार्किंगच्या खांबाला बंपर घासला की नाक्यावरच्या डेंटिंगवाल्याकडे जा. तो कोपऱ्यात पुट्टी भरेल आणि वर मेटॅलिक रंगाचे सढळ हाताने चार थर देईल. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमची चूर असते. थर जितका जाड, तितकं रडार आंधळं. मग शेजारून दुचाकी येतेय हे सांगणारा आरशातला दिवा लागत नाही, आणि दिवा लागला नाही म्हणून तुम्हीही मान वळवून बघत नाही.

आता मुख्य प्रश्न: कुठलं फीचर बंद करायचं आणि कुठलं चालू ठेवायचं? इथे बहुतेकांचं एकमत आहे. धडकेची सूचना आणि आपोआप लागणारा ब्रेक बंद, कारण शहरात तो सारखा केकाटतो. क्रूझ आणि लेन सांभाळणारं स्टिअरिंग चालू, कारण ते मित्रांना दाखवता येतं. अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेली आयआयएचएस नावाची संस्था आहे. तिने प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदी तपासल्या. आपोआप ब्रेक असलेल्या गाड्यांनी पुढच्या वाहनाला मागून ठोकण्याचं प्रमाण निम्म्यावर आलेलं दिसलं. क्रूझ आणि लेन सांभाळणाऱ्या जोडगोळीने अपघात कमी होतात, याचा मात्र तिला फारसा पुरावा मिळाला नाही. तिच्या मते ती सोय आहे, सुरक्षा नव्हे. म्हणजे तुम्ही कामाचं बंद केलंत आणि करमणुकीचं चालू ठेवलंत. निवड अचूक आहे. अडचण एवढीच, की बऱ्याच गाड्यांत हा ब्रेक दर वेळी गाडी सुरू केली की पुन्हा चालू होतो. रोज सकाळी मेन्यूत शिरून तो बंद करायची शिस्त लावून घ्या. मेन्यूत 'सूचना उशिरा द्या' असाही एक पर्याय असतो. तो निवडला तर शहरातली बरीच पीं पीं थांबते आणि ब्रेकही शाबूत राहतो. तिकडे बघूच नका.

लेन सांभाळणाऱ्या स्टिअरिंगचं आणि आपलं भांडण इंडिकेटरवरून आहे. साधारण ६० च्या वर वेग गेला आणि कॅमेऱ्याला दोन्ही पट्टे दिसले की ते जागं होतं. इंडिकेटर न देता पट्टा ओलांडायला गेलात तर ते स्टिअरिंग हळूच मागे ओढतं. इंडिकेटर दिला तर निमूट सोडून देतं. एका बोटाचं काम. पण लेन बदलताना इंडिकेटर दिला तर मागच्याला आपला बेत कळतो, मग तो वेग वाढवतो, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. तेव्हा स्टिअरिंगशी कुस्तीच खेळा. समृद्धीवर पांढुरक्या काँक्रीटवर पांढरा पट्टा, त्यातच सांध्यांच्या काळ्या रेघा. दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याला कुठली रेघ पट्ट्याची आणि कुठली सांध्याची हे कळेनासं होतं, आणि कुस्ती आणखी रंगते.

क्रूझचं अंतर किती ठेवायचं? कमीत कमी. १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. दोन सेकंदांचं अंतर ठेवलंत तर पुढे ५६ मीटर मोकळे राहतात, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ५६ मीटर मोकळे म्हणजे टेम्पोला आमंत्रण. टेम्पो शिरतो, तुमची गाडी ब्रेक लावते, अंतर पुन्हा तयार होतं, की दुसरा शिरतो. अशा हिशेबाने पुण्याला पोचेपर्यंत तुम्ही मागे मागेच जाता. म्हणून पडद्यावर अंतराची एकच रेघ ठेवा. टेम्पो शिरेलच, फक्त आता तो तुमच्या बॉनेटला घासून शिरेल. क्रूझचा ब्रेक सौम्य असतो, पूर्ण ताकदीने तो कधीच मारत नाही. उरलेलं काम त्या दुसऱ्या ब्रेकचं, जो तुम्ही सकाळीच बंद करून आलात.

घाटात तर क्रूझ आवर्जून लावा. लांब पल्ल्याच्या रडारची नजर अरुंद असते, बॅटरीच्या झोतासारखी. सरळ रस्त्यावर पुढचा ट्रक त्या झोतात नीट बसतो. तीव्र वळणावर ट्रक बाजूला सरकतो आणि झोत समोरच्या कड्यावर पडतो. गाडीच्या मते ट्रक गेला, रस्ता मोकळा झाला. तुम्ही ८० सेट केलं होतं, मग ती इमानाने ८० कडे निघते. ऐन वळणात. गाडी किती आज्ञाधारक आहे हे मागच्या सीटवरच्यांना दाखवायला यासारखी जागा नाही.

हात स्टिअरिंगवर नसले की काही सेकंदांनी गाडी कुरकुरते. त्यावर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली स्टिअरिंगच्या आऱ्यांमध्ये खुपसायचा उपाय आता बराच जुना झाला. बऱ्याच गाड्यांत हाताचा स्पर्श मोजत नाहीत, स्टिअरिंगला बसणारा हलका पीळ मोजतात, आणि बाटलीचं वजन तेवढा पीळ देतं. फसलं कोण? लेव्हल २ म्हणजे गाडी मदतनीस आणि चालक तुम्ही. अपघातानंतर पंचनाम्यात बाटलीचं नाव येत नाही.

आणि आता हंगामाचा उपाय. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की सांगली-कोल्हापूरकडे, किंवा बीड-धाराशिवकडे रात्री निघा. रस्ता अंधारा. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर लावला होता तो वाढ्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांखाली झाकलेला. त्यातली एखादी टायर फुटून डांबरावरच उभी. रडारला ती दिसते, पण त्याला कमानी, पाट्या, पुलाचे कठडे हे सगळंच आपल्या दिशेने सारख्याच वेगाने येताना दिसत असतं. प्रत्येक उभ्या गोष्टीला ब्रेक मारला तर गाडी दर पाटीपाशी थबकेल. म्हणून जास्त वेगात ते उभ्या वस्तूंकडे काणाडोळा करतं आणि कॅमेऱ्याच्या साक्षीची वाट बघतं. कॅमेरा गाडीची पाठ ओळखायला शिकलेला: दोन दिवे, नंबर प्लेट, चौकोनी आकार. समोर आहे काळोखात लोंबणारा ऊस. साक्षीदार फितूर नाही, त्याला खरंच काही दिसलेलं नाही. ८० च्या वेगाला तुम्हाला भानावर येऊन थांबायला कोरड्या रस्त्यावर ६८ मीटर तरी लागतात, आणि लो-बीमचा उजेड पन्नासेक मीटरच्या पुढे धड पोचत नाही. पादचाऱ्यांना ओळखून लागणाऱ्या ब्रेकचंही त्याच अमेरिकन संस्थेला असंच दिसलं: उजेडात उपयोग, दिवे नसलेल्या रस्त्यावर फरक नाही. तेव्हा रात्री ६० ने जाणं, समोरून कुणी नसेल तिथे हाय-बीम टाकणं, असली जुनाट कामं करू नका. एडासला पैसे कशासाठी मोजलेत?

शेवटी काच. ट्रकच्या चाकातून उडालेल्या खडीने ती कधीतरी तडकतेच. विम्यात काचेला घसारा लागत नाही, पण नवी काच बसवल्यावर कॅमेरा पुन्हा नेमून (कॅलिब्रेट करून) घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे दाव्यात धरलेत का हे आधी लिहून घ्यावं लागतं. नेमायचं म्हणजे सपाट फरशी, टायरमध्ये नेमकी हवा, रिकामी डिकी, समोर कंपनीने सांगितलेल्या अंतरावर नक्षीचा फलक. काही गाड्यांना त्याऐवजी स्कॅनर जोडून स्पष्ट पट्ट्यांच्या रस्त्यावर फिरवून आणतात. एवढा अर्धा दिवस कुणाला आहे? हायवेवरचा काचवाला तासाभरात दुसरी काच चिकटवून देतो आणि कॅमेरा हाताने दाबून बसवतो. त्यात एका अंशाची चूक राहिली, तर १०० मीटरवर ती पावणेदोन मीटर होते, म्हणजे अर्धी लेन. उरलीसुरली कसर फास्टॅग कॅमेऱ्याच्या बरोबर समोर चिकटवून भरून काढा.

आता शेजारच्या लेनमधल्या बसला बघून गाडी मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारेल आणि स्वतःच्या लेनमधल्या ट्रककडे दुर्लक्ष करेल. तशीच ती शोरूममध्ये घेऊन जा आणि तिथल्या पोराला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, "अहो, हे तुमचं ए-डास आपल्याकडच्या रस्त्यांवर चालतच नाही."