दुपारी एकला काढलेला फोटो

महिनाभरापासून आमच्या नात्यातल्या सगळ्या ग्रुपवर एकच मजकूर फिरतोय. वर कुलूप लावलेल्या घराचा फोटो आणि खाली चार दावे. नागपूर जिल्ह्यातली गावं ओस पडली, शाळांत पोरं उरली नाहीत, जे राहिले त्यांचं उत्पन्न दुप्पट झालं, आणि फुकटच्या पैशामुळे मजूर कामाला येत नाही. मी उमरेड रोडवरच्या एका गावात राहतो, तेव्हा एकेक पाहू.

गाव ओस पडलं, पण पाहिलं कधी? आमच्या गल्लीत दुपारी एकला आलात तर सात घरांना कुलूप दिसेल. पहाटे साडेपाचला फाट्यावर बुटीबोरीच्या कंपनीची बस थांबते. डबे घेऊन पोट्टे चढतात ते अंधार पडल्यावर उतरतात, आणि त्यांच्या बायका तोवर वावरात असतात. २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही, मग गावनिहाय ताजा आकडा या मजकूरवाल्यानं आणला कुठून? जी झाली तिच्यात जिल्हा दहा वर्षांत ४०.६७ लाखांवरून ४६.५३ लाखांवर गेला. शहरी हिस्सा ६४ टक्क्यांचा ६८ झाला हे खरं. पण ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसं आणि पुरुष कामगारांत ७५ टक्के शेतीबाहेरचे, एवढं जुळलं की जनगणना त्या गावाला शहरात मोजते. हिंगण्याकडचं डिगडोह, वानाडोंगरी बघा. तिथं तर माणसं वाढली. कुही-भिवापूरकडची काही गावं खरंच उठली, पण ती गोसेखुर्द धरणाच्या पाण्यानं.

शाळेचं उत्तर छोटं आहे. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं निघाली, पिढी टिकायला २.१ लागतात. त्यात जी आहेत त्यांना कॉन्व्हेंटची पिवळी गाडी दारातून उचलते. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरणार नाही तर काय!

आता उत्पन्न. २०१८-१९ च्या केंद्रीय पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न निघालं १०,२१८ रुपये. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. म्हणजे कास्तकाराच्या घरातही पिकापेक्षा मजुरी जास्त. राज्यात सरासरी जमीनधारणा १९७०-७१ ला ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४ उरली. भावाभावांत धुरे पडत गेले, पिकाचा पैसा वाढणार कुठून? शिवाय सरासरीची गंमत अशी, की शंभर घरांपैकी ९९ घरं महिन्याला दहा हजारावर असतील आणि एकानं रोडलगतचं वावर प्लॉट पाडणाऱ्या लेआऊटवाल्याला देऊन वर्षात एक कोटी वीस लाख घेतले, तर गावाची सरासरी जवळपास वीस हजार होते. झालं दुप्पट! बाकीच्या ९९ जणांना ते कळतही नाही.

फुकटच्या पैशावर मात्र मला राग येतो. केंद्राचे ६,००० आणि राज्याचे ६,००० वर्षाला मिळतात ते सातबारा असलेल्याला. ज्या मजुराला नावं ठेवता त्याच्याकडे सातबाराच नाही. लाडक्या बहिणीचे महिन्याचे १,५०० म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. तेवढ्यावर कोण घरी बसतं? आमच्या चौकातून सकाळी सातला ऑटो निघतो, दाटीवाटीनं बाया बसलेल्या. कापसाच्या दिवसांत वेचणीला, नंतर मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची साफ करतात त्या आवारात, देठ तोडायला. दोन्हीकडे हिशेब किलोवर. सगळ्यांचा कापूस एकाच आठवड्यात फुटतो आणि ज्याचा वेचणीचा भाव बरा त्याच्याकडे ऑटो वळतो. मजूर मिळत नाही म्हणणाऱ्या आमच्या काकांनी भाव शेवटचा कधी वाढवला ते विचारा, विषय बदलतात.

मजकुरात नाही ती गोष्ट अशी, की त्या बसमधली बहुतेक पोरं ठेकेदाराकडे आहेत. तरी लग्नाच्या बैठकीत सहा एकरवाल्यापेक्षा त्यांनाच आधी होकार येतो. दिवाळीनंतर आमच्याच गल्लीतल्या तिघांना ठेकेदारानं थांबवलं. ते आता दुपारी एकलाही घरीच असतात.