कुकर भंगारात देण्याआधी: एका फिरत्या मेसेजला ‘कंपनीच्या वकिला’चं उत्तर

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा आला. मथितार्थ असा: अमेरिकेत कॉफी सांडली तरी कंपनी करोडो देते; आपल्याकडे वस्तू फुटून माणूस भाजला तरी दमडी मिळत नाही. कारण डब्यावर सूचना छापली की कंपनी सुटते, कंपनीचा वकील तारखा घेऊन केस मारतो, अपघाताची भरपाई विमा कंपनी मर्जीने ठरवते, आणि जे काही हाती येतं त्यातले 30 टक्के आपलाच वकील खातो. खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

तो कंपनीचा वकील म्हणजे मी. 22 वर्षं ठाण्यात कोर्ट नाक्यावर विमा कंपन्या, भांड्यांचे कारखानदार, सुटे भाग बनवणारे यांची वकीलपत्रं घेतोय. तेव्हा माझं बोलणं तोलूनमापून घ्या, पण कायदा तरी नीट वाचा.

आधी ती कॉफी. 1992 साली अमेरिकेतल्या आल्बकर्कीत 79 वर्षांच्या एका बाईंच्या मांडीवर ती सांडली, मॅकडोनाल्ड्सची. साधारण 82 ते 88 अंश सेल्सिअसला वाढली जाणारी कॉफी. कातडी जळून खोलपर्यंत भाजलं, त्वचारोपण करावं लागलं. बाईंनी आधी 20,000 डॉलर मागितले होते, कंपनीने 800 देऊ केले. खटल्यात उघड झालं की भाजल्याच्या 700 च्या आसपास तक्रारी कंपनीकडे आधीच पडून होत्या. 1994 मध्ये ज्युरीने सुमारे 28 लाख 60 हजार डॉलर ठरवले, न्यायाधीशांनी ते 6,40,000 वर आणले, आणि शेवटी बाहेर तडजोड झाली. ‘सांडली आणि करोडो मिळाले’ यात यातलं काहीच येत नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाने यातून शिकायचं ते 800 च्या आकड्यातून.

आता छापील सूचना. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीवर वेगळं प्रकरण आहे, जुलै 2020 पासून लागू. त्यातलं कलम 84 पाच गोष्टी मोजतं: बनवण्यातला दोष, रचनेतला दोष, ठरलेल्या मापात न बसणं, दिलेली हमी न पाळणं, आणि पुरेशा सूचना न देणं. छापील सूचना फार तर पाचव्यावर कामाला येते. झाकणाची रचनाच चुकली असेल तर डब्यावर रामायण छापलं तरी उपयोग नाही. हमीच्या बाबतीत तर, ती देताना आमचा निष्काळजीपणा किंवा लबाडी नव्हती हे सिद्ध करूनही उत्पादक सुटत नाही. हो, उघड धोक्याबद्दल सूचना नव्हती ही तक्रार चालत नाही. सुरीने बोट कापतं हे कुणी छापावं लागत नाही.

‘तुम्ही वस्तू चुकीची वापरली’ हे आमचं आवडतं वाक्य. पण चुकीच्या वापराची सूट कलम 87 च्या पहिल्या पोटकलमात लिहिली आहे ती विक्रेत्यासाठी. उत्पादकाला मग वापरामुळेच इजा झाली, दोषामुळे नाही, हे पुराव्याने दाखवावं लागतं. बाजारातली स्वस्त गॅस्केट आणि भलतीच शिट्टी लावलेला कुकर समोर असेल तर ते मला सोपं जातं.

समोर असेल तर. खरी गोम इथे आहे आणि मेसेजात तिचा पत्ता नाही. कळव्याच्या एका बाईंचा (तपशील बदलून सांगतोय) कुकर फुटला, हात भाजला, तक्रार दाखल झाली. मी तपासणीसाठी कुकर मागितला. तो दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला गेला होता. हाती उरले दोन अंधुक फोटो. निकाल आमच्या बाजूने लागला, पण कुकर चांगला होता की वाईट हे त्या निकालात ठरलंच नाही. असे निकाल मी बरेच घेतलेत, त्याचा अभिमान वाटत नाही. वस्तू, गॅस्केट, शिट्टी, बिल, सगळं आहे तसं एका पिशवीत बांधून ठेवा, घासूनपुसून नको. सर्व्हिस सेंटरवाला ‘बघतो’ म्हणून न्यायला आला तर पावतीशिवाय देऊ नका. कलम 38 खाली ग्राहक आयोग, म्हणजे अशा तक्रारी चालतात ते न्यायपीठ, ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो. आणि तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षं, कलम 69.

तारखांबद्दल मेसेज निम्मा खरा आहे. केसेस रेंगाळतात, त्यात आमच्या बाजूचाही हात असतो. पण ग्राहक आयोगात लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. सेहेचाळिसाव्या दिवशी दार बंद. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पक्कं केलं.

अपघाताचे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतात, आणि तिथला आकडा विमा कंपनीच्या मर्जीचा नसतो. हिशोबच करून दाखवतो. तुर्भ्याच्या बाजारात स्वतःचा टेम्पो चालवणारा, वय 34, महिना 20,000 कमावणारा. वर्षाचे 2,40,000. वय 40 च्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के: 3,36,000. कमाईची क्षमता 40 टक्के गेली असं धरलं तर वर्षाचं नुकसान 1,34,400. हे वयावरून ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं; त्याच्या वयाला गुणक 16. झाले 21,50,400, उपचारांचा खर्च आणि वेदनेचे वेगळे. आमचं भांडण त्या 40 टक्क्यांवर चालतं. सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला अवयवाचं अपंगत्व सांगतो, कमाईचं नाही. 2010 च्या राजकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरणच दिलंय: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. तेव्हा दाखल्यावर थांबू नका, आपलं काम काय होतं ते साक्षीत नीट सांगा. मी उलटतपासणीत तिथेच बोट घालतो.

राहिले 30 टक्के. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या नियमांनी वकिलाला मना आहे. तरी कुणी मागत असेल, आणि मागणारे आहेत, कोर्ट नाक्यावर सगळ्यांना ठाऊक आहेत, तर राज्य बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करा. फॉरवर्डवर त्याची नोंद होत नाही.